नदीचं पाणी सांगून येतं

श्रावण-भाद्रपदात जळगाव-भुसावळकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते : हतनूरचे दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. धरणाला दरवाजे ४१. मेळघाटात आणि पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस दणकून झाला, की सगळेच्या सगळे उघडावे लागतात. खानदेशात ही बातमी बहुतेकांना सुखावते. धरण भरलं, वर्ष निभावलं. तीच बातमी फोनवरून तीनेकशे किलोमीटर खाली सुरतेत पोचते, लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत, तेव्हा तिचा नूर बदलतो. या वस्त्यांत अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा, नंदुरबारकडची हजारो कुटुंबं राहतात. सुरत-अमळनेर रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि तापीच्या खोऱ्यातली माणसं तापीच्याच दिशेने पोटामागे उतरत गेली. आधी गिरण्या, मग यंत्रमाग, मग डाइंग-प्रिंटिंग. पाणीही त्याच वाटेने उतरतं. सासर बुडवायला माहेरचं पाणी यावं, तसा हा प्रकार आहे.

आकडे पाहिले तर यात अतिशयोक्ती नाही. तापी मध्यप्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिचं खोरं ६५ हजार चौरस किलोमीटरचं. त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला चार हजार चौरस किलोमीटरसुद्धा येत नाही. म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत पडलेल्या पावसाचा निकाल शेवटी सुरतेच्या उंबऱ्यावर लागतो. मध्ये उकाईचं धरण आहे. १९७२ मध्ये ते पुरं झालं. दीडशेहून अधिक गावं त्याच्या पोटात गेली, त्यांत आपल्या नवापूर-नंदुरबारकडचीही होती.

या पाण्याचा हिशेब समजून घ्यायचा असेल तर सुरत शहरापेक्षा कामरेज बरं. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग इथे खोलवड आणि आंबोलीच्या दरम्यान तापी ओलांडतो. ‘कामरेज चार रस्ता’ हे नाव खासगी बसने सौराष्ट्राकडे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मध्यरात्री तिथे निम्मी बस रिकामी होते. त्या चौकापलीकडचं जुनं कामरेज फार कमी जणांना ठाऊक आहे. तापीच्या काठावरच्या इथल्या पांढरीवर पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदराच्या खुणा आणि इराणी आखाताकडून आलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले. सुरतेचं नाव कुणाला माहीत नव्हतं तेव्हा गलबतं इथवर येत होती. जुन्या लोकांनी वस्ती बसवली ती उंचवट्यावर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नवी वस्ती उरलेल्या सगळ्या जागेत पसरली आहे.

कामरेजला दोन पाणी भेटतात. गावाच्या अंगाने तापी जाते, ते एक. दुसरं आकाशातून पडतं आणि तापीकडे वळतच नाही. कामरेज, पलसाणा, बारडोली या तालुक्यांतल्या शेतांवर पडलेला बराचसा पाऊस नैऋत्येकडे ओढ्यानाल्यांतून सुरतेच्या दक्षिण भागात शिरतो. या नाल्यांना तिथे खाडी म्हणतात. मिठी खाडी, भेदवाड खाडी, कांकरा खाडी, कोयली खाडी अशी त्यांची नावं. लिंबायत-पर्वतपाटियाच्या पाठीमागून त्या जातात, पुढे मिंढोळा नदीच्या मुखाकडे निघतात, आणि समुद्राला भरती असली की तुंबतात.

या दोन पाण्यांचे स्वभाव निराळे. नदीचं पाणी सांगून येतं. खाडीचं येतं तेव्हाच कळतं.

आधी नदीचं. सुरती माणूस पुराला ‘रेल’ म्हणतो आणि आयुष्यातल्या घटना रेलीवरून मोजतो. १९६८ ची रेल धरण बांधून होण्यापूर्वीची. तेव्हा सुमारे १५ लाख क्युसेक पाणी आलं असा अंदाज आहे. धरण झाल्यावर लोक निर्धास्त झाले. मग १९९४ मध्ये पूर आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेगची घबराट. लाखो लोक शहर सोडून पळाले, त्यांतले कितीतरी खानदेशात परतले. १९९८ मध्ये पुन्हा. आणि मग २००६.

२००६ ची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण आजची सगळी पूर्वतयारी तिच्या पायावर उभी आहे. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट. नियमाप्रमाणे १ ऑगस्टला पाणी ३३३ फुटांवर रोखायचं असतं, म्हणजे वरची बारा फूट जागा येणाऱ्या पुरासाठी मोकळी राहते. पण धरण एकट्या पुरासाठी नसतं. उसाला पाणी हवं, वीज हवी, हजिऱ्याच्या कारखान्यांना पाणी हवं. पुढचा पाऊस आलाच नाही तर रिकाम्या धरणाचा जाब द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक अधिकाऱ्याचा हात पाणी सोडताना थोडा आखडतो. त्या ऑगस्टमध्ये वरून लोंढे आले आणि पाणी सोडण्याचा आकडा थोड्या दिवसांत नऊ लाख क्युसेकच्या वर गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर; नऊ लाखांचे दर सेकंदाला अडीच कोटी लिटर होतात. शहरातल्या तापीच्या पात्रात याच्या निम्मंही नीट मावत नाही. ७ ऑगस्टपासून पाणी चढलं, होप पुलाजवळ धोक्याची पातळी साडेनऊ मीटर असताना ते बारा मीटरच्या पुढे गेलं, आणि शहराचा तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. दरवाजे वेळेवर उघडले असते तर हे टळलं असतं का, यावर पुढे चौकशा झाल्या, नागरिकांच्या समितीने हा पूर माणसाने आणला असं म्हटलं. माझं मत विचाराल तर पाऊस निसर्गाचा होता आणि उशीर माणसांचा.

पण इथे मला दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. त्या दिवशी इशारा नव्हता असं नाही. आकडे जाहीर होत होते. टीव्हीवर पाच लाख, सात लाख, आठ लाख क्युसेक अशा पट्ट्या फिरत होत्या. अडचण अशी की चौथ्या गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्या, मागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला सात लाख क्युसेकचं करायचं काय? त्याला हवं असतं ते एवढंच : माझ्या दारात येणार का, किती वाजता, गुडघ्याएवढं की छताएवढं. ज्यांना १९९८ चं पाणी आठवत होतं त्यांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं.

म्हणून वस्तीची खरी पूर्वतयारी सुरू होते ती क्युसेकचं पायरीत रूपांतर करण्यापासून. भिंतीवर रेघ मारून शेजारी साल लिहिणं ही सुरतेत सर्रास दिसणारी गोष्ट. तिच्या जोडीला उकाईचा त्या दिवशीचा आकडाही लिहिला की ती रेघ नुसती आठवण राहत नाही, मापपट्टी होते. कॉजवेचंही तसंच. सिंगणपूरचा बंधारा-कॉजवे १९९५ चा. पाणी सहा मीटरला पोचलं की वाहतुकीला बंद होतो. ‘कॉजवे बंद झाला’ ही सुरतेतली पहिली घंटा, तिला कुठल्याही खात्याच्या परिपत्रकाची गरज लागत नाही. कामरेजच्या बाजूच्या नदीकाठच्या गावांना असा कॉजवे नाही. त्यांच्यासाठी घाटाच्या पायऱ्या आणि महामार्गाच्या पुलाचे खांब आहेत. अमुक पायरी बुडाली की गुरं सोडायची, तमुक बुडाली की म्हाताऱ्यांना हलवायचं. असा ठराव गावाने आधीच केलेला असला तर रात्री दोन वाजता वाद घालत बसावं लागत नाही.

मात्र आठवण दगाही देते. २००६ मध्ये सुरतेत झालं तेच तेरा वर्षांनी सांगलीत झालं. कृष्णाकाठाने २००५ चा पूर पाहिला होता, आयर्विन पुलापाशी तेव्हा पाणी ५३ फुटांच्या आसपास गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी त्याच खुणेवर भरवसा ठेवला, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. चार फुटांचा फरक म्हणजे माळ्यावर ठेवलेलं धान्य आणि माळ्यावर बसलेली माणसं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, डझनाहून अधिक जण बुडाले. बोट होती, धाडस होतं, मदतीला धावून जाणारे होते. बोटीत किती जणांनी बसायचं हे ठरवणारं कुणी नव्हतं. गावाने गावाला वाचवावं हे वाक्य भाषणात छान वाटतं. ब्रह्मनाळचं नाव घेतल्याशिवाय ते उच्चारू नये.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. भूकंपानंतर गुजरातने २००३ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला, देशाच्या कायद्याच्या दोन वर्षं आधी. गावागावांचे आराखडे तयार झाले. २००८ पासून सुरत हवामानबदलाला तोंड देणाऱ्या आशियाई शहरांच्या एका जाळ्यात सामील झालं, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने. त्यातून उकाईच्या वरच्या खोऱ्यातला पाऊस, धरणातली आवक आणि शहरातली पातळी यांना जोडणारी पूर्वसूचनेची व्यवस्था उभी राहिली. केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ ची. तीस पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवकांपासून ती सुरू झाली आणि पुढे एक लाखाचं लक्ष्य ठेवून साडेतीनशे जिल्ह्यांत गेली. या सगळ्याचा नदीच्या पाण्यासाठी उपयोग आहे. प्रश्न दुसऱ्या पाण्याचा आहे.

जुलै २०२४ मध्ये खाड्या फुगल्या आणि लिंबायत-पर्वतपाटियाच्या भागात पाणी काही दिवस हटलं नाही. जून २०२५ मध्ये, पावसाळा नुकता लागला असताना, तेवीस तारखेला धो धो पाऊस झाला आणि पुन्हा तेच. तेव्हा उकाईच्या दरवाज्यांशी या पाण्याचा काही संबंध नव्हता. क्युसेकची पट्टी टीव्हीवर फिरली नाही, कॉजवेची घंटा वाजली नाही. सुरतेची पूर्वसूचना उकाईकडे तोंड करून बसलेली आहे आणि पाणी पाठीमागून, कामरेज-पलसाण्याच्या बाजूने आलं. शिवाय नदी भरलेली असेल तर आणखी एक पेच : शहराच्या बंधाऱ्यांतून पावसाचं पाणी तापीत सोडणारी दारं बंद करावी लागतात, नाहीतर नदीच उलट आत येते. मग आतलं पाणी पंपाने उपसायचं. पंप चालायचा तर वीज हवी, आणि पाणी चढलं की वीज आधी तोडावी लागते.

खाडीचं पाणी इतकं वेगाने का येऊ लागलं, याचं उत्तर कामरेजच्या रस्त्यावरून जाताना डोळ्यांना दिसतं. वीस वर्षांपूर्वी ऊस आणि भात होता तिथे आता सोसायट्या, रो-हाउस, गोदामं, शोरूम आहेत. भात म्हणजे बांध घातलेलं शेत. पावसाचं पाणी तिथे थांबतं, मुरतं, मग ओढ्याला लागतं. प्लॉट पाडणारा पहिलं काम करतो ते भराव घालण्याचं. प्लॉट रस्त्यापेक्षा दोन हात उंच झाला की गिऱ्हाईक खूश. पुढचा माणूस त्याच्याहून उंच भराव घालतो. मग जी जुनी वस्ती किंवा स्वस्तातली सोसायटी मुळच्या पातळीवर राहिली ती खोलगट ठरते, कुणी तिला खोल केलेलं नसताना. रस्ते उंच बांधून झाले, त्यांच्या खालच्या मोऱ्या मात्र शेतातल्या जुन्या पाण्याच्या मापाच्या राहिल्या. कामरेजमध्ये पडलेला भराव लिंबायतमध्ये पाणी होऊन निघतो. त्या दोन जागांमधल्या माणसांची कधी गाठ पडत नाही, त्यांची भाषाही वेगळी : वर सौराष्ट्रातून आलेला हिरेकामगार, खाली खानदेशातून आलेला मागवाला. दोघेही कर्ज काढून घर घेतलेले.

अशा ठिकाणी वस्ती स्वतः काय करू शकते? पुष्कळ करू शकते, आणि त्यातलं बरंचसं साधं आहे. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराने वरच्या मजल्यावरच्या एका घराशी आधी बोलून ठेवणं. विजेचे बोर्ड छातीच्या वर घेणं. संडासाच्या भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवणं, कारण घरात पहिलं पाणी दारातून येत नाही, गटारातून उलटं येतं. गॅसची टाकी बांधून ठेवणं. रिकामी टाकी तरंगते आणि दारं तोडते. मोटारसायकली उड्डाणपुलावर नेऊन लावणं. आधार, रेशनकार्ड, घराची कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या दोघांना माहीत असणं. डायलिसिसवाले, दिवस भरत आलेल्या बाया, एकटे म्हातारे यांची यादी आशाताईंच्या वहीत असतेच. ती दरवर्षी जूनच्या आत ताजी करायची. आणि पाणी ओसरल्यावरची तयारी, जी सगळ्यात आधी विसरली जाते : दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात असतो, उंदरांच्या मुतातून चिखलात आणि चिखलातून पायाच्या चिरांत. भातलावणीला जाणाऱ्यांना आरोग्यखातं तिथे प्रतिबंधक गोळ्या देतं. पुरानंतर घर साफ करायला अनवाणी उतरणाऱ्या बाईलाही त्यांची तेवढीच गरज असते.

यासाठी नवी समिती काढावी का? समित्यांचा आपल्याला दांडगा अनुभव आहे. फलक लागतो, फोटो निघतो, दुसऱ्या वर्षी अध्यक्ष कोण यावर भांडण. मला वाटतं लिंबायत-डिंडोलीत पुराची समिती केव्हाचीच तयार आहे, फक्त तिला कुणी त्या नावाने हाक मारलेली नाही. ती म्हणजे गणेश मंडळ. सुरतेतल्या मराठी वस्त्यांत दर काही गल्ल्यांमागे एक असतंच. पुराचा मोसम आणि गणपतीचा मोसम एकच, ऑगस्ट-सप्टेंबर. बांबू, दोर, ताडपत्री, जनरेटर, लाउडस्पीकर, मोठी पातेली आणि रात्रभर जागायची सवय असलेली पंचवीस पोरं त्याच दिवसांत मंडपात हजर असतात. त्याहून मोलाची एक चीज मंडळाकडे असते : वर्गणीची वही. कुठल्या घरात कोण राहतं, भाडेकरू कितव्या मजल्यावर, कोण गावाला गेलंय, कुणाचं दार सकाळी बंद असतं, हे महापालिकेच्या नोंदीत नाही इतकं अचूक त्या वहीत सापडतं. वर्गणी मागायला जी पोरं घरोघरी जातात त्यांनीच तेव्हा एक प्रश्न जास्त विचारावा : पाणी आलं तर तुम्ही कुठे जाणार? उत्तर पावतीच्या मागे लिहून ठेवावं. वरच्या बाजूला, कामरेजच्या पाटीदार सोसायट्यांत, हेच काम नवरात्रीचं मंडळ आणि बायकांची सखी मंडळं करू शकतील. महापालिकेच्या मराठी शाळा पुरात निवाऱ्याला उपयोगी पडतात. शाळेची किल्ली रात्री कुणाकडे असते हे मंडळाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

पण मंडळ काय करू शकत नाही तेही स्पष्ट असावं. मोरी रुंद करणं, खाडीतलं अतिक्रमण काढणं, भरावाला परवानगी नाकारणं हे पंचवीस पोरांचं काम नाही. ‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी तोंडातून आला की मी जरा सावध होतो; पुष्कळदा त्याचा अर्थ आम्ही भराव घालू देतो, तुम्ही पोहायला शिका, असा असतो. चिपळूणच्या लोकांनी हे ओळखलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने शहर बुडवल्यावर त्यांनी मदतीच्या रांगा लावल्या, चिखल उपसला आणि मग त्याच हिवाळ्यात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण धरलं : नदीतला गाळ काढा. गाळ निघू लागला, त्यात नाम फाउंडेशनसारख्या संस्थाही उतरल्या. पूर्वतयारीचा हा भाग रेशनकार्ड पिशवीत ठेवण्याइतकाच आवश्यक आहे, आणि तो वस्तीला एकटीला जमत नाही. लिंबायतला तो करायचा तर कामरेजच्या आणि पलसाण्याच्या ग्रामसभांशी बोलावं लागेल. एकाच पाण्याची ही माणसं एका खोलीत बसली तर पहिलं काम नकाशा काढण्याचं. ओढा पूर्वी कुठून जायचा हे वरच्या गावातले म्हातारे सांगतील, आता कुठे अडतो ते खालच्या वस्तीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओसकट आहे.

एक यादी मात्र या कुठल्याच वहीत सापडणार नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला नवापूर, अक्कलकुवा, साक्रीकडून आणि डांगातून ऊसतोड मजुरांचे ट्रक कामरेज-बारडोलीच्या पट्ट्यात उतरायला लागतात. साखर कारखाने त्याच्याच मागेपुढे पेटतात. तोडकऱ्यांचे पडाव पडतात ते गावाच्या कडेला, सरकारी पडीक जागेत, म्हणजे बहुधा सखल जागेत. प्लास्टिकच्या कागदाची पालं, खाली ओली जमीन, बाजूला बैल. गावांचे आपत्ती आराखडे जूनमध्ये ताजे होतात, तेव्हा ही माणसं आपल्या डोंगरात असतात. पाऊस आता दिवाळीनंतरही येतो. गेल्या काही वर्षांत दक्षिण गुजरातेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी बरसलेला आहे, आणि कापलेला ऊस भिजला तर त्याची बातमी होते. पडावाच्या मुकादमाकडे मात्र प्रत्येक कोयत्याची, म्हणजे प्रत्येक जोडीची नोंद असते, उचलीच्या आकड्यासह. ती वही तलाठ्याने एकदा मागून पाहायला हरकत नाही.